कोंबडीची थैली आणि दोन विद्यार्थी

दिवाळीच्या फराळाच्या ताटापुढे कोंबडीचा विषय काढला, तर काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील आणि काहींच्या तोंडाला पाणी सुटेल. दोघांनीही क्षमा करावी. विषय कोंबडीचा असला तरी येथे पाककृती दिलेली नाही. घरातल्या तान्ह्या बाळाला लस टोचली म्हणजे त्याच्या रक्तात नेमके काय घडते, या प्रश्नाचे निम्मे उत्तर कोंबडीच्या शेपटीखालच्या एका चिमुकल्या थैलीत कित्येक शतके पडून होते. ते हाती लागले ते अमेरिकेतल्या दोन विद्यार्थ्यांच्या. एक कोंबड्यांचा अभ्यास करीत होता आणि दुसऱ्याला वर्गातल्या मुलांना एक साधा प्रयोग करून दाखवायचा होता. त्यांनी लिहिलेला निबंध जेमतेम दोन पानांचा. एका नामांकित शास्त्रीय साप्ताहिकाने तो साभार परत केला होता! आज रोगप्रतिकारशास्त्राचे कोणतेही पाठ्यपुस्तक उघडा, त्या दोन पानांचा उल्लेख टाळून लेखकाला पुढे जाता येत नाही.

ही हकीकत कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी आणि त्यांच्या आईवडिलांनी एकत्र बसून वाचावी अशी आहे.

फाब्रिसियसची थैली

सोळाव्या शतकात इटलीतील पादुआ येथे हिएरोनिमस फाब्रिसियस नावाचे शरीररचनाशास्त्राचे मोठे आचार्य होऊन गेले. रक्ताभिसरणाचा शोध लावणारा विल्यम हार्वी हा त्यांचाच शिष्य. अंडे आणि त्यातले पिलू यांचा अभ्यास करताना फाब्रिसियसना पक्ष्याच्या मलद्वाराजवळ, आतल्या बाजूस, एक लहानशी थैली आढळली. नराचे बीज साठवून ठेवण्याची ती जागा असावी, असा त्यांनी तर्क बांधला. त्यांचा हा ग्रंथ त्यांच्या पश्चात १६२१ साली छापला गेला. पुढे तर्क खोटा ठरला, पण थैलीला त्यांचे नाव चिकटले ते चिकटलेच.

पुढची तीनशे वर्षे या थैलीचे काम काय, हे कोणालाच कळले नाही. तसे होण्यास कारणही होते. ही थैली कोवळ्या पिलांत झपाट्याने वाढते, सुपारीएवढी होते, आणि पक्षी वयात आला की आक्रसून जवळजवळ नाहीशी होते. मोठ्या कोंबडीतून ती काढून टाकली तरी कोंबडीला काही होत नाही. ज्याच्यावाचून काही अडत नाही, ते निरुपयोगी, असे माणसाने ठरवून टाकले.

एक साधा प्रश्न

१९५२ च्या सुमाराची गोष्ट. ओहायो राज्य विद्यापीठाच्या कुक्कुटपालन विभागात ब्रूस ग्लिक नावाचा एक तरुण पदव्युत्तर शिक्षण घेत होता. एकदा त्याचे प्राध्यापक हंसाच्या जातीच्या एका पक्ष्याचे विच्छेदन करून दाखवीत होते. त्यांनी ही थैली बाहेर काढली. ग्लिकने विचारले, हिचे काम काय? प्राध्यापक म्हणाले, प्रश्न चांगला आहे, उत्तर तूच शोध. ही आठवण पुढे ग्लिकनेच सांगितली आहे. गुरूने आपल्याला ठाऊक नसलेल्या गोष्टीवर विद्वत्तेचे पांघरूण घातले नाही, हे त्या विद्यार्थ्याचे भाग्यच म्हणायचे.

ग्लिकने आधी मोजमापे घेतली. कोणत्या वयात थैली किती वाढते, याच्या नोंदी केल्या. अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या दोनतीन आठवड्यांत ती सर्वांत वेगाने वाढते, असे त्याला दिसले. त्यावरून त्याने एक शहाणपणाचा विचार केला. एखाद्या अवयवाचे काम कळावे म्हणून तो काढून पाहायचाच असेल, तर तो ऐन भरात असताना काढावा. सुकून गेल्यावर काढून काय उपयोग? त्याप्रमाणे त्याने कोवळ्या पिलांच्या थैल्या काढल्या आणि तो वाट पाहत बसला.

काहीच घडले नाही. थैली काढलेली पिले आपल्या भावंडांसारखीच दाणे टिपत, कलकल करीत वाढली. प्रयोग फुकट गेला असेच कोणीही म्हटले असते. त्या कोंबड्या मात्र खुराड्यात तशाच राहिल्या.

फसलेले प्रात्यक्षिक

याच विभागात टिमथी चँग नावाचा दुसरा विद्यार्थी होता. त्याच्याकडे वर्ग शिकवण्याचेही काम असे. शरीरात प्रतिपिंडे कशी तयार होतात, हे त्याला मुलांना दाखवायचे होते.

प्रतिपिंडे म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. एखादा परका जंतू शरीरात शिरला की रक्तात काही विशिष्ट प्रथिने तयार होतात. ती नेमकी त्या जंतूलाच जाऊन चिकटतात आणि त्याला निकामी करण्यास मदत करतात. ही परीक्षा काचेच्या पट्टीवरही करता येते. ज्या प्राण्याला जंतू टोचले आहेत त्याच्या रक्तातला पातळ, पिवळसर भाग घ्यायचा आणि त्यात तेच जंतू मिसळायचे. प्रतिपिंडे असतील तर जंतूंच्या गुठळ्या होतात. दूध नासल्यावर दिसतात तशा. नसतील तर मिश्रण जसेच्या तसे राहते. शिकाऊ मुलांना दाखवायला याहून सोपा आणि हमखास प्रयोग नाही.

चँगला कोंबड्या हव्या होत्या. त्याने ग्लिककडे मागितल्या आणि ग्लिकने खुराड्यातल्या दिल्या. चँगने त्यांना साल्मोनेला जातीच्या जंतूंपासून केलेले द्रव्य टोचले. पण काही कोंबड्या टोचल्यावर मरून गेल्या, आणि ज्या वाचल्या त्यांच्या रक्तात प्रतिपिंडांचा पत्ता नाही! हमखास म्हणून निवडलेल्या प्रयोगाने भर वर्गात हात दाखवला.

अशा वेळी बहुतेक माणसे काय करतात? औषध जुने असेल, सुई नीट बसली नसेल, कोंबड्याच रोगट असतील, असे काहीतरी कारण सांगून मोकळी होतात. नव्या कोंबड्या आणतात आणि दुसऱ्या दिवशी वर्ग पार पाडतात. या दोघांनी नोंदी तपासल्या. प्रतिपिंडे ज्यांच्यात नव्हती त्या कोंबड्यांच्या थैल्या पिलूपणीच काढलेल्या होत्या.

थैली नसल्याचा परिणाम चार दिवसांत दिसणारा नव्हताच. कोंबडी खाते, पिते, वाढते. तिच्यात उणीव आहे हे तिच्यावर शत्रू चालून येईपर्यंत कळणार कसे? घराला कडी नाही, हे चोर आल्यावरच कळते. चँगची सुई हा तो चोर होता.

एका योगायोगावर विसंबून न राहता त्यांनी मुद्दाम अधिक पक्षी घेऊन प्रयोग पुन्हा केला. थैली काढलेल्या कोंबड्यांत प्रतिपिंडे नीट तयार होत नाहीत, हेच पुन्हा दिसले. मग त्यांनी निबंध लिहिला आणि ‘सायन्स’ या विख्यात साप्ताहिकाकडे धाडला. हे कसे घडते याचा आणखी उलगडा व्हायला हवा, असे म्हणून तो परत आला. अखेर आर. जॉर्ज जाप या अध्यापकांच्या नावासह तो १९५६ साली ‘पोल्ट्री सायन्स’ या कुक्कुटपालनाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. माणसांच्या रोगांवर काम करणारे डॉक्टर कोंबड्यांचे मासिक कशाला चाळतील? काही वर्षे या निबंधाची फारशी कोणी दखल घेतली नाही.

एक आजारी मुलगा

इकडे ग्लिक थैलीची मापे घेत होता त्याच सुमारास, १९५२ साली, अमेरिकन सैन्यातील बालरोगतज्ज्ञ ऑग्डेन ब्रूटन यांनी एका आठ वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली होती. या मुलाला न्यूमोनियासारखे जंतुरोग पुन्हा पुन्हा होत. एकातून उठावे तो दुसरे दुखणे हजर. ब्रूटन यांनी त्याच्या रक्तातली प्रथिने तपासली तेव्हा दिसले की गॅमा ग्लोब्युलिन नावाचा अंश त्याच्या रक्तात नाहीच. प्रतिपिंडे याच अंशात असतात. दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेले गॅमा ग्लोब्युलिन ते त्याला दरमहा टोचू लागले आणि दुखण्यांची रांग थांबली.

ज्या आईने मुलाच्या उशाशी रात्रीमागून रात्री काढल्या असतील, तिला याचे मोल सांगायला नको. पण कोडे तसेच राहिले. मुलाच्या शरीरात नेमके काय नव्हते? गंमत पाहा, एकीकडे प्रतिपिंडे नसलेला मुलगा आणि दुसरीकडे प्रतिपिंडे नसलेली कोंबडी. दोघांची भेट व्हायला आणखी तेरा वर्षे जायची होती.

लंडनचे उंदीर

त्या आधी आणखी एका विद्यार्थ्याला भेटू. जॅक मिलर हा फ्रान्समध्ये जन्मलेला, ऑस्ट्रेलियात डॉक्टर झालेला तरुण १९५८ साली पीएच.डी.साठी लंडनच्या चेस्टर बीटी संशोधन संस्थेत आला. त्याचा विषय होता उंदरांचा रक्ताचा कर्करोग. त्या रोगाचा संबंध छातीच्या हाडामागे असणाऱ्या थायमस या ग्रंथीशी होता. मराठीत तिला यौवनलोपी ग्रंथी असे नाव आहे. कारण तीही बालपणी मोठी असते आणि वयात आल्यावर आक्रसते. अगदी आपल्या थैलीसारखीच! आणि मोठ्या प्राण्यातून काढली तरी काही बिघडत नाही, म्हणून तिलाही लोकांनी निरुपयोगी ठरवले होते.

मिलरला आपल्या कामासाठी ही ग्रंथी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांतून काढावी लागली. उंदराचे ते पिलू केवढे, आणि त्याच्या छातीतली ती ग्रंथी केवढी! शस्त्रक्रियेतून वाचलेली पिले काही आठवडे बरी दिसली, मग खंगू लागली. त्यांच्या रक्तातल्या लसिका पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक वर्ग, फार कमी झाल्या होत्या. दुसऱ्या जातीच्या उंदराचे कातडे त्यांच्या अंगावर बसवले तर एरवी ते शरीर झिडकारून टाकते. या उंदरांनी ते मुकाट्याने ठेवून घेतले. परक्याला परका म्हणून ओळखण्याची शक्तीच त्यांच्यात उरली नव्हती. मिलरने १९६१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात हे प्रसिद्ध केले. पुष्कळ जाणत्यांचा त्यावर विश्वास बसेना.

दोन पलटणी

आता कोंबडी आणि मुलगा यांची गाठ घालून देणारा माणूस आला. अमेरिकेतील मिनेसोटा येथे रॉबर्ट गुड यांच्या प्रयोगशाळेत मॅक्स कूपर हा तरुण बालरोगतज्ज्ञ काम करीत होता. काही मुलांत प्रतिपिंडे नसतात पण विषाणूंशी ती बरी झुंजतात, तर काहींचे नेमके उलट असते, हे त्याला खटकत होते. शरीराच्या सैन्यात एकच पलटण असेल तर असे व्हावेच कसे?

त्याने ग्लिकचा प्रयोग हाती घेतला, पण त्यात एक भर घातली. पिलू अंड्यातून बाहेर येईपर्यंत थैलीतल्या काही पेशी शरीरात पसरलेल्या असतात. म्हणून थैली किंवा थायमस काढल्यावर क्ष-किरणांचा मारा करून त्या आधी निसटलेल्या पेशीही त्याने नष्ट केल्या. निकाल स्वच्छ आला. थैली नसलेल्या कोंबड्यांत प्रतिपिंडे मुळीच तयार होईनात, पण परके कातडे त्या झिडकारीत. थायमस नसलेल्यांत लसिका पेशी कमी झाल्या आणि परके ओळखून झिडकारण्याची शक्ती ढासळली. १९६५ साली ‘नेचर’मध्ये हे छापून आले. प्रतिपिंडे न बनवणारा ब्रूटन यांचा मुलगा म्हणजे जणू थैली नसलेली कोंबडी, हे आता उमगले. त्याच वर्षी फिलाडेल्फियाचे डॉक्टर अँजेलो डीजॉर्ज यांनी जन्मतःच थायमस नसलेल्या बालकांकडे लक्ष वेधले. थायमस नसलेल्या कोंबडीचे मानवी रूप तेच होते.

१९६८ साली मेलबर्न येथे मिलर आणि त्याचा विद्यार्थी ग्रॅहम मिचेल यांनी दाखवून दिले की या दोन पलटणी एकमेकींच्या मदतीने लढतात. प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी निराळ्या, पण थायमसमधून आलेल्या पेशींचा इशारा मिळाल्यावाचून त्यांचे काम नीट चालत नाही. पुढच्याच वर्षी थायमसवाल्या पेशींना ‘टी’ आणि थैलीवाल्या पेशींना ‘बी’ असे नाव मिळाले. थैलीला लॅटिनमध्ये बर्सा म्हणतात, तिचे हे आद्याक्षर. माणसाला अशी थैली नाहीच. आपल्या बी पेशी हाडांच्या मगजात घडतात. मगजाच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षरही योगायोगाने तेच निघाले, म्हणून नाव बदलावे लागले नाही. रक्ताचा अहवाल वाचताना डॉक्टर ‘बी सेल’ म्हणतात, तेव्हा त्यांच्याही नकळत ओहायोच्या खुराड्याचे नाव घेतात.

खुराड्यापासून पवईपर्यंत

कोणी म्हणेल, हे सारे विद्वानांचे; आम्हांला काय त्याचे? तर मुंबईचेच एक उदाहरण घेऊ. बी पेशी बिघडल्या आणि बेसुमार वाढल्या की रक्ताचे आणि लसिका ग्रंथींचे काही कर्करोग होतात. पवईची आय.आय.टी. आणि टाटा मेमोरियल केंद्र यांच्या संशोधकांनी अशा रोग्यांसाठी एक उपचार तयार केला. रोग्याच्याच टी पेशी काढायच्या, बी पेशींवरची एक विशिष्ट खूण ओळखण्याची शक्ती प्रयोगशाळेत त्यांच्या अंगी आणायची, आणि त्या परत रोग्याच्या रक्तात सोडायच्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात या उपचारास परवानगी मिळाली. भारतात विकसित झालेला या जातीचा तो पहिलाच उपचार. या कामातही पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांचे हात होते.

पण या उपचारात रोगट पेशींबरोबर निरोगी बी पेशीही मारल्या जातात. मग काही काळ रोग्याची स्थिती थैली काढलेल्या कोंबडीसारखी होते. अशा वेळी गरज पडली तर डॉक्टर त्याला बाहेरून गॅमा ग्लोब्युलिन देतात. ब्रूटन यांनी त्या मुलाला दिले होते तेच. १९५२ चा मुलगा, १९५६ ची कोंबडी आणि आजचा रोगी यांच्यातला धागा हा असा आहे.

पाहिले ते आणि वाटले ते

विद्यार्थ्याने लिहिलेल्या निबंधाला किती आयुष्य असू शकते, याचा आणखी एक दाखला आहे. १८६८ साली बर्लिनमध्ये पाउल लांगरहान्स या एकवीस वर्षांच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने माणसाच्या कातडीचे पातळ काप सुवर्णक्षाराने रंगवले. त्याला फांद्या फुटल्यासारख्या पेशी दिसल्या. त्याने त्यांची चित्रे काढली आणि निबंध लिहिला. त्या मज्जासंस्थेच्या असाव्यात असे त्याला वाटले. ते बरोबर नव्हते. शंभराहून अधिक वर्षांनी, १९७० नंतरच्या दशकात, ध्यानात आले की या पेशी कातडीच्या वेशीवरचे पहारेकरी आहेत. परका दिसला की त्याची वर्दी त्या टी पेशींपर्यंत पोहोचवतात.

याच लांगरहान्सने पुढल्या वर्षी आपल्या प्रबंधात स्वादुपिंडातल्या पेशींच्या लहान लहान बेटांचे वर्णन केले, आणि त्यांचे काम आपल्याला ठाऊक नाही असे स्पष्ट लिहून टाकले. इन्सुलिन त्याच बेटांतून स्रवते, हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले. लांगरहान्स क्षयाने पछाडला, हवापालटासाठी मदेरा बेटावर गेला आणि १८८८ साली चाळिशीतच वारला. कातडीतल्या पेशी आणि पोटातली बेटे, दोन्ही आज त्याच्याच नावाने ओळखली जातात. त्याचा तर्क काळाने पुसला, पण जे डोळ्यांनी पाहिले ते त्याने निराळे आणि नीट लिहून ठेवले होते, म्हणून ते टिकले.

आपल्याकडे घरोघरी कॉलेजात जाणारी मुले वर्षअखेर प्रकल्पाचे बाड घेऊन बसतात. निकाल पुस्तकात दिल्याप्रमाणे आला नाही तर घाम फुटतो. मग शेजाऱ्याच्या वहीतले आकडे उतरवून घेण्याचा मोह होतो, आणि कधी कधी घरातली वडील माणसेही गुणांच्या काळजीने त्याकडे काणाडोळा करतात. चँगने तसे केले असते तर त्याचा वर्ग सुरळीत पार पडला असता आणि त्या दिवसाची आठवण आज कोणालाही नसती. ग्लिकने ‘परिणाम शून्य’ म्हणून पक्षी विकून टाकले असते, किंवा कोणत्या पक्ष्याची थैली काढली हे लिहून ठेवले नसते, तरी तेच झाले असते.

तेव्हा मुलगा किंवा मुलगी खालच्या मानेने घरी येऊन ‘माझा प्रयोग चुकला’ असे म्हणाली, तर रागावण्यापूर्वी एवढेच विचारावे: तुला दिसले काय, आणि ते तू लिहून ठेवलेस का?